कुंड्यांचा स्टँड

लेक सहाव्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा चपला काढायच्या आधी दारातच तिनं अट घातली. "आई, या वेळी घरात काही आणायचं नाही. झबलं नाही, दुपटं नाही, लंगोटसुद्धा नाही. जे काय आणायचं ते नंतर." मी म्हटलं, "बरं बाई, आत तर ये." ती उंबऱ्याबाहेरच उभी. "आधी हो म्हण." मी हो म्हटलं, तेव्हा आत आली.

तिची अट मला कळत होती. आधीच्या खेपेला तिच्या सासरी सगळं आणून झालं होतं. रंगीत पाळणा, मच्छरदाणी, कपाटाचा एक खण भरून कपडे. सातवा सरत असताना बाळ पोटातच गेलं. हॉस्पिटलातून रिकाम्या हातानं घरी आलेल्या माझ्या पोरीला पहिल्यांदा काय दिसलं, तर हॉलमध्ये टांगलेला पाळणा. त्या गडबडीत तो काढून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ती रडली नाही. नुसती त्याच्यासमोर उभी राहिली, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या मागेच होते. शकुन-अपशकुनाला मी जन्मभर नाक मुरडत आले, उपास केले नाहीत, मांजर आडवं गेलं म्हणून कधी थांबले नाही. पण या अटीपुढे मान डोलावली, कारण ती अट कुठून आली ते मी पाहिलं होतं.

लालबागच्या चाळीतून आम्ही भाईंदरला, जेसल पार्कात आलो त्याला जमाना झाला. मी निवृत्त होऊन मात्र जेमतेम वर्ष झालं होतं. कचेरीत माणसांना कामाला लावायची सवय, आणि घरात कामाला लावायला एक नवरा, तोही शब्दकोड्यात डोकं घालून बसणारा. त्यात लेकीचं बीपी जरासं वर होतं, डॉक्टरांनी आराम सांगितला होता. मग माझा दिवस एकाच कामात जायचा. तिच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं. पाणी देऊ? पाय चेपू? खिडकी लावू? एक दिवस ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "आई, तू माझ्याकडे अशी बघतेस ना, की मला वाटतं काहीतरी झालंय आणि तुम्ही मला सांगत नाही आहात. प्लीज, जा ना. कर काहीतरी."

म्हणून मी सुतारकाम सुरू केलं. हसू नका. फोनवर एक व्हिडिओ समोर आला होता. कुठल्याशा थंड देशातली माझ्याच वयाची बाई घरामागच्या शेडमध्ये शेल्फ करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मला तिचा हेवा वाटला. नवऱ्याला सांगितलं तर हे कोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." मी पिशवी उचलली आणि नवघर रोडवरच्या लाकडाच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "आंटी, कारपेंटर को भेजो ना, वो देख के ले जाएगा."

"मैं ही कारपेंटर हूँ," मी म्हटलं. त्यानं पाइनच्या फळ्या काढून दिल्या, पण माझ्याकडे बघत बघत.

करवत घेतली, हातोडी घेतली, कोपरा काटकोनात आहे का ते बघायचा गुण्या घेतला, गोंद, सँडपेपर, दोन क्लॅम्प. ड्रिल मशीन घरात होतंच, भिंतीला पडद्याची दांडी लावण्यापुरतं वापरलेलं. बाल्कनीत जुनं स्टूल टाकलं आणि पहिलं काम काढलं, चपलांचं रॅक. माझी पहिली चूक अगदी शिकलेल्या माणसाची होती. मी फळीवर सगळी मापं एकदम आखून घेतली आणि रेघांवर कापत गेले. करवतीच्या पात्यालाही जाडी असते आणि प्रत्येक कापात ती तेवढं लाकूड खाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची फळी बोटभर आखूड भरली. दुसरी चूक, फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला आणि फळी उभी चिरली. मग कळलं की आधी बारीक भोक पाडायचं, नंतर स्क्रू. रॅक उभं राहिलं, पण डुगडुगायला लागलं. मी म्हटलं, बाल्कनीच्या लाद्यांनाच उतार आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," खोलीतून आवाज आला. लेक उठून बघायला आली होती. त्या रॅककडे बघून ती हसायला लागली. किती दिवसांनी हसत होती. दाराला टेकून, पोट धरून हसली, आणि मग एकदम गप्प झाली. पोटावरचा हात तसाच. "हललं," ती म्हणाली आणि आत गेली. आम्ही दोघी त्या घरात तशाच जगत होतो. जरा हसलो की लगेच घाबरायचो.

पुढचं स्कॅन चांगलं आलं. डॉक्टर म्हणाल्या, वाढ ठीक आहे, ठोके ठीक आहेत. त्या आनंदात मी पुन्हा दुकानात गेले, खरं तर मसाल्याच्या बरण्यांसाठी फळी आणायला. तिथे कोपऱ्यात सागवानाचे उरलेले तुकडे पडले होते, कुणाच्या तरी दरवाज्यांच्या कामातून उरलेले, सरळ आणि गुळगुळीत. मी एक उचलून हातात धरला आणि मला समोर पाळण्याचा कठडा दिसला. तिथेच उभी राहून मला रडू यायला लागलं. मला ते मूल हवं होतं. इतकं हवं होतं, आणि हे मी कुणापाशी बोलू शकत नव्हते. लेकीपाशी तर नाहीच. मी तुकडे बांधून घेतले.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "हे काय गं?"

"कुंड्यांचा स्टँड," मी म्हटलं. "तुळस सारखी खाली ठेवावी लागते."

पाळणा म्हणजे एक कठडेवाली पेटी आणि तिला टांगायला एक घोडा. मला समजेल एवढं ते सोपं होतं, आणि कळल्यावर थांबवेना. मी स्वतःला एक युक्तिवाद करून दिला. सुटे गज म्हणजे पाळणा नव्हे. सुटी फळी म्हणजे पाळणा नव्हे. जोडला तर पाळणा, आणि जोडायचा तो बाळ घरी आल्यावर. असा युक्तिवाद कचेरीत कुणी केला असता तर मी त्याची फाइल तोंडावर फेकली असती.

चार दिवस गेले नाहीत तोच नवऱ्यानं पकडलं. बाल्कनीत चहा पिता पिता त्यांचं लक्ष घासून ठेवलेल्या गजांच्या चळतीकडे गेलं. त्यांनी कप ठेवला, मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली होती, मिक्सर चालू केला, आणि त्या आवाजाच्या आडून आम्ही भांडलो.

"कुंड्यांना गज कशाला लागतात?"

"हळू बोला."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तिनं तोंड उघडून एकच गोष्ट मागितली गं तुझ्याकडे."

"तुकडे आहेत ते. तुकड्यांना पाळणा म्हणत नाहीत."

"आणि पुन्हा तसंच झालं तर?" त्यांचा आवाज चिरकला. "घरी येईल आणि बाल्कनीत हे बघेल. तुझं तोंड तरी बघेल का पुन्हा?"

रात्रंदिवस माझ्या मनात तेच तर होतं, त्यांनी फक्त ते बोलून दाखवलं. चटणीचं पार पाणी झालं तेव्हा मी मिक्सर बंद केला. ठरलं ते असं की तुकडे जुन्या चादरीखाली राहतील, जोडायचे नाहीत, आणि लेक बाल्कनीकडे वळली की यांनी काहीतरी विचारून तिला अडवायचं. त्या दिवसापासून आम्ही दोघं आपल्याच घरात चोरासारखे वावरू लागलो.

आणि धोका कुठून येईल सांगता येत नाही. उत्तनकडच्या चौक गावातून एक मावशी आमच्याकडे मासे घेऊन येते. दारात टोपली उतरवून ती बोंबील निवडत होती. मी नेमकी चादर दूर करून काम करत होते आणि हॉलमधून थेट बाल्कनी दिसत होती.

"ह्यो पालना हाय का गो बाय?" ती मोठ्यांदा म्हणाली. तिचा आवाज समुद्रावर घडलेला.

मी धावत दारात आले. "नाही हो मावशी. कुंड्यांचा स्टँड आहे."

"कुंडीला कठडा कशाला? कुंडी काय लोलून पडनार न्हाय."

"मावशी, बोंबील द्या तुम्ही आधी," मी दात आवळून म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बेडरूमच्या दाराकडे, आणि पुढे एक शब्द न बोलता बोंबील मोजले. आत गेले तर लेक डोळे उघडे ठेवून पडलेली. "काय म्हणत होती गं ती?" मी म्हटलं, "पापलेट महाग झालंय म्हणत होती." ती छताकडे बघत राहिली. तिला ऐकू गेलं की नाही ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

आठव्यात बीपी पुन्हा चढलं. पाय सुजले, अंगठी निघेना, ती साबण लावून काढावी लागली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि सांगितलं की आणखी वर गेलं तर दाखल व्हावं लागेल. मी घाबरून सगळं काम बंद केलं. घर शांत झालं. तासाभरात तिनं हाक मारली.

"का थांबलीस?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आवाज बंद झाला की मला वाटतं तुम्ही दोघं स्वयंपाकघरात माझ्याबद्दल बोलताय. चालू ठेव, आई."

आता आली का पंचाईत! मी आधी रद्दी तुकडे कापत बसले, नुसता आवाज व्हावा म्हणून. पाइनचे उरलेसुरले तुकडे कापून कापून त्यांचे पाटाएवढे, मग खोडरबराएवढे ठोकळे झाले. खालच्या मजल्यावरची भाभी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "आंटी, पूरा दिन क्या काटते हो?" तिला काय सांगू? पाइन संपल्यावर बाल्कनीत हात लावायला एकच गोष्ट उरली, चादरीखालची. लेक पलीकडे पडून करवतीचा आवाज ऐकत होती, त्या आवाजानं तिचा श्वास संथ होत होता, आणि इकडे तिनं नको म्हटलेली तीच वस्तू पुरी होत चालली होती. मला स्वतःची लाज वाटायची आणि हात थांबायचे नाहीत.

एका सकाळी लेक आणि हे तपासणीला गेले. दवाखाना जवळच, मी स्वयंपाकाचं निमित्त करून मागे राहिले. फक्त एकदा जोडून बघायचं, बसतं की नाही तेवढं बघायचं आणि ती यायच्या आत सोडवून ठेवायचं. हॉलमध्ये जागा केली. घोडा उभा केला, पेटीला स्क्रू मारले, दोन्ही टोकांच्या फळ्यांना पाडून ठेवलेल्या भोकांतून सुती दोर ओवले आणि पाळणा टांगला. सागवान नुसतं तेल पुसलेलं, बाकी काही नाही. गज थोडे पुढेमागे होते. पण तो पाळणाच होता, कुणीही बघून सांगितलं असतं.

वजन घालून झोका देऊन बघायला हवा होता. मी हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला. रिकामा पाळणा हलवू नये. आईनं, सासूनं, शेजारणींनी लहानपणापासून कानी घातलेलं हे एक वाक्य, आणि मी, जी अमावास्येला मुद्दाम नवीन चप्पल घालून कचेरीत जायची, मी तो पाळणा हलवू शकेना. याच भीतीनं इतके दिवस मी तो एकदाही टांगून पाहिला नव्हता. मग मला वरवंटा आठवला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच ठेवतात, कापडात गुंडाळून. आमचा वरवंटा मिक्सर आल्यापासून ओट्याखाली पडून होता. मी तो धुतला, जुन्या मऊ पंचात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. शेजारी तांदळाची पिशवी ठेवली, भार जास्त असलेला बरा म्हणून. आणि झोका दिला.

पाळणा गेला आणि आला. पुन्हा गेला. मी एकटीच हॉलमध्ये उभी राहून हसत होते. तिसऱ्या झोक्याला कड्‌कन आवाज आला. डोक्याकडची फळी दोराच्या भोकापासून आडवी चिरली, ते टोक खाली गेलं, आणि पंचातला वरवंटा घरंगळत पेटीच्या कोपऱ्यात गेला. मी झडप घालून त्याला दोन्ही हातांनी धरलं, जणू त्याला लागलं असतं.

चूक साधी होती. भोक मी कडेच्या फार जवळ पाडलं होतं, आणि लाकडाच्या रेषा आडव्या असताना भार उभा पडत होता, म्हणून फळी रेषेवरच फाटली. एकदा आधी टांगून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण तेव्हा मला लाकडाच्या रेषा दिसत नव्हत्या. मला एवढंच वाटलं की हे मी ओढवून आणलं. तिनं सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही, आणि आता हे फुटलं. ती यायच्या आत काहीतरी करायचं म्हणून मी घाईघाईनं ड्रिल लावलं, खाली दुसरं भोक पाडायला. त्या घरघराटात बाजूला ठेवलेला फोन वाजत होता, ते मला ऐकूच आलं नाही. नंतर पाहिलं, यांचे कितीतरी मिस्ड कॉल होते.

ड्रिल थांबवलं आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

लेक पुढे होती. तिच्यामागून हे, चेहरा पांढराफटक. "फोन का उचलत नाहीस? डॉक्टर म्हणतायत लगेच अ‍ॅडमिट करा, बॅग घ्यायला..." आणि त्यांनी पुढे बघितलं. हॉलच्या मधोमध एका अंगावर कललेला पाळणा, आत पंचात गुंडाळलेलं काहीतरी, आणि माझ्या हातात ड्रिल.

"अगं, तो कुंड्यांचा..." हे म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

ती माझ्याकडे बघत होती. "मी एकच गोष्ट मागितली होती, आई."

तिची छाती वरखाली होत होती आणि माझ्या डोक्यात एकच, हिचं बीपी, हिचं बीपी. ती हळूहळू पाळण्याजवळ आली. पंचाचं टोक उचललं. आतला काळा दगड बघून क्षणभर तिचा हात तसाच राहिला. मला वाटलं, आता ही सगळं उलटं करून टाकणार. तिनं पंचा परत नीट टाकला. मग फळीवरच्या चिरेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फुटलाय," ती म्हणाली.

"हो."

"आता आणलासच आहेस, तर फुटका ठेवू नकोस घरात. मी परत यायच्या आत नीट कर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज संतापाचा होता. "आणि तू येऊ नकोस तिकडे."

"अगं, मी..."

"येऊ नकोस म्हटलं ना!"

यांनी बॅग घेतली. दार लागलं, खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. माझी लेक दाखल व्हायला निघाली होती आणि मी हॉलमध्ये भुशात उभी होते. आयुष्यात मला इतकी कडक शिक्षा कुणी दिली नसेल, आणि इतकी योग्यही.

मी फळी सुटी केली. चिरेत काडीनं गोंद भरला, आत आत जाईपर्यंत भरला, आणि दोन्ही क्लॅम्प लावून आवळलं. गोंद बाहेर आला तो ओल्या फडक्यानं पुसला. मग मागून लावायला उभ्या पट्ट्या कापायच्या होत्या, फळीच्या रेषांना आडव्या जातील अशा, म्हणजे भार त्यांच्यावर येईल. करवत रेघेवर टेकेना. मी आधी एका फालतू ठोकळ्यावर कापून पाहिलं. पुन्हा पाहिलं. काप सरळ आला तेव्हा खऱ्या पट्टीला लावली. यांचा फोन आला. बीपी फारच वर गेलंय, थांबता येणार नाही म्हणाले, आत नेतायत. जावई पुण्याहून निघालाय.

"मी येऊ का हो?"

"ती नको म्हणते."

फोनची रिंग मोठी करून मी तो शेजारी ठेवला, जणू तो मधेच काही सांगेल. पट्टीला भोकं पाडली, कडेपासून चांगली लांब. एका हातानं पट्टी फळीवर दाबून धरायची, दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायचा, आणि जास्त आवळलं तर पुन्हा चिरेल म्हणून प्रत्येक फेऱ्याला थांबून कान द्यायचा. देवाला मी हात जोडले नाहीत. हात मोकळे नव्हते. त्या वेळी मोकळे असते तर जोडले असते, हेही सांगून टाकते.

फोन वाजला. उचलला तर नुसता हुंदका.

"बोला ना अहो! बोला!"

"मुलगी," ते म्हणाले. "लहान आहे गं, फार लहान आहे. पण रडली. मी बाहेरून ऐकलं."

"आणि आपली?"

"बरी आहे. बरी आहे म्हणाल्या डॉक्टर."

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यांदा रडले. भाभीला खाली ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी न विचारता गेले. लेक पलंगावर होती, ओठ सुकलेले, हाताला सलाइन. मला बघून तिनं विचारलं, "झाला का नीट?"

"गोंद वाळतोय. आजचा दिवस हलवायचा नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं मी आणलेला पेजेचा डबा मागितला.

बाळ काचेच्या पेटीत होतं. मला दुरूनच दाखवलं. नाकाला नळी, डोक्याला टोपी, आणि हात एवढासा. डॉक्टर वजन वाढल्याशिवाय बाळाला घरी सोडणार नव्हते, आणि लेकीला आधी सोडणार होते. म्हणजे ती पुन्हा रिकाम्या हातानं घरी येणार, आणि पुन्हा हॉलमध्ये पाळणा. मी तिला विचारलं, "सोडवून ठेवू का गं? चादरीखाली?"

"राहू दे," ती म्हणाली.

ती घरी आली त्या दिवशी मी दारातच थांबले, आत जायचं धाडस होईना. ती हॉलमध्ये जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली, तशीच, जशी तेव्हा राहिली होती. मी मनात म्हटलं, आता ही आत जाईल आणि भिंतीकडे तोंड करील. तिनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, पाळण्याशेजारी बसली आणि पिशवीतून दुधाचा पंप काढला. "बाबांना सांग, अर्ध्या तासानं बाटली घेऊन निघायचंय," ती म्हणाली. त्यानंतर रोज ती तिथेच बसून दूध काढायची, हे ते बर्फाच्या पिशवीत घालून हॉस्पिटलात पोचवायचे, आणि मी त्या वेळात पाळण्याला कुणाचा धक्का लागणार नाही हे बघायचे.

नात घरी आली ती दुपारी. जावयानं तिला आणलं, लेकीनं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला लावला, मी टाकला. मुकाट्यानं. पाळण्यात जुन्या सुती साडीची घडी अंथरली होती. लेक बाळाला घेऊन जवळ गेली आणि थांबली.

"पेलेल?"

"तांदळाची गोणी घालून पाहिलंय," मी म्हटलं. "स्वतः लोंबकळून पाहायचं तेवढं बाकी आहे."

ती हसली नाही. वाकली, आणि बाळाला आत ठेवलं. मी पेटीखाली दोन्ही तळवे लावले होते. कधी लावले ते मलाही कळलं नाही. सागवानाच्या तळातून मला तिचा भार जाणवतही नव्हता, इतकी ती हलकी होती, तरी मी दोन्ही हातांनी पाळणा वर उचलून धरल्यासारखी वाकून बसले. दोर ताणलेले होते. फळी गप्प होती.

"आई, हात काढ."

"असू दे गं जरा वेळ."

"आई." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काढ आता."

मी एक हात काढला. मग दुसरा.